शेरा

बाई दिल्लीहून मंगळवारी रात्री आल्या
आणि बुधवारचं साडेसातचं प्रॅक्टिकल
त्यांनी रद्द केलं नाही.
मी तराजूची पेटी पुसत होतो.
वेंगुर्ल्याच्या हवेत पितळी वजनांना
एका रात्रीत हिरवं चढतं.
बाईंनी पर्समधून रुमालाची पुरचुंडी काढली.
"आत्माराम, ह्याची फीत सोडवून ठेव.
आणि थोडा तंगूस आण."
मी दोन हात कापला. कमी पडण्यापेक्षा बरा.

देशातल्या उत्कृष्ट प्राध्यापकांत आमच्या तोरसकर बाई.
नाक्यावर बॅनर लागला होता.
फोटो जुना, आडनावात र चा ल : तोलसकर,
खाली मोठ्या अक्षरांत सुवर्णपदक.
बंदरावर बातमी पोचेपर्यंत
त्याचे दहा तोळे झाले होते.

"तोळे नकोत, ग्रॅममध्ये सांगा," बाई म्हणाल्या.
"आणि सोनं आहे का, ते मला नका विचारू.
पाण्याला विचारा."

हवेत चौऱ्याऐंशी.
पाण्यात चौऱ्याहत्तर.
पहिल्या बाकाने भागाकार केला, आठ पूर्णांक चार,
आणि तो आकडा बाकाबाकांवरून मागे गेला
शिरणी जाते तसा,
हात पुढे करायचा, बघायचं नाही.
सोन्याला एकोणीस लागतात.
पितळ, पितळ! मागून कुणीतरी शिट्टी घातली.
सगळ्यांत जास्त बाईच हसल्या.

हर्षला कुबल उशिरा आली,
बांगड्याचा लिलाव उरकून, नखांत खवले.
तिने पदक पुसलं, कोरडं केलं, पुन्हा बुडवलं.
तिचं आलं आठ पूर्णांक दोन.
शेजारणीने कोपर मारलं,
"चार लिही गो, सगळ्यांचा चार आसा."
"माका दोनच दिसता."
आणि दोनच लिहिलं, पेन दाबून.

बाई स्टूल ओढून तिच्याजवळ बसल्या.
बीकर खिडकीच्या उजेडात धरला.
तंगुसाला टांगलेलं पदक सावकाश गरगरलं,
थांबलं, उलटं फिरलं,
आणि तेव्हा दिसले :
कोरलेल्या 'उत्कृष्ट' च्या खाचेत
तीन बुडबुडे, मोहरीएवढे,
चिकटून बसलेले.

हर्षलाने रिफिलच्या टोकाने एकेक हुसकावला.
काटा हलला.
ती दोनवर काट मारायला गेली
तर बाईंनी तिचं मनगट धरलं.
"राहू दे ते. खाली लिही, बुडबुडे.
इतक्या वह्यांत आज एवढीच एक गोष्ट
कुणीतरी बघून लिहिलेली आहे."

एवढ्यात प्राचार्य धापा टाकत जिना चढून आले.
अध्यक्ष येऊन बसलेत, शाल आलीय, नारळ आलाय,
मॅडम, पदक कुठंय?
बाईंनी ते बीकरमधून उचललं,
दांडीला गुंडाळलेला तंगूस सोडवला,
गाठ मारली, गळ्यात घातलं, निघाल्या.

अध्यक्ष पाऊण तास बोलले.
सुवर्ण हा शब्द तीनदा आला
आणि तिन्ही वेळा सेकंड इयरच्या रांगा
रुमालात तोंड घालून हसल्या.
बाईंच्या साडीवर पाण्याचा एक डाग
हळूहळू मोठा होत गेला.
तंगूस लांबून दिसत नाही.
पदक नुसतंच तरंगल्यासारखं वाटत होतं.

फीत मला संध्याकाळी सापडली,
शर्टाच्या खिशात, निळी, घडी न मोडलेली.
द्यायला गेलो तर म्हणाल्या,
तुझ्या नातीच्या वेणीला होईल.
आणि ते कपाटात ठेव, वजनांच्या खणात.
सेकंड इयर दर वर्षी असतं.

मार्चअखेर ऑडिटर आले.
डेडस्टॉक रजिस्टर, पान बावीस.
स्प्रिंग बॅलन्स सहा, पैकी दोन नादुरुस्त.
बीकर चार, तडा गेलेले.
पदक, पितळ, चौऱ्याऐंशी ग्रॅम, नग एक.
त्यांनी चष्म्यावरून माझ्याकडे पाहिलं.
"हे काय? आणि किंमत?"
किंमतीचा रकाना मी मोकळा ठेवलेला.
शेऱ्यात लिहिलं होतं : वापरात.
तंगूस दर जूनला नवा.