शेपटीवरचं अक्षर

डॉक्टर नबील खूरींचं विमान चार आसनी,
रास अल खैमाच्या पत्र्याच्या हँगरात उभं,
पोटाखाली गळक्या तेलासाठी खजुराचा रिकामा डबा.
जन्म कॅन्ससचा. शेपटीवर अजून 'एन'.
इथल्या वाळूत अकरा वर्षं काढली,
तरी गाव विचारलं की तेच सांगतं.

माझं लायसन धुळ्याचं.
बाभळी, ऊन, धावपट्टीवर एकदा आडवी आलेली म्हैस,
आणि लॉगबुकात निळ्या शाईचे दोनशे सात तास.
'आभाळ काय, सगळीकडे एकच,' मी म्हणालो.
ऑफिसातली रोवेना हसली नाही.
आभाळ इथलं, म्हणाली, विमान तिकडचं,
आणि तू तिसरीकडचा.
शेपटीवर ज्याचं अक्षर, त्याचा कागद आण.
मग इथल्यांचा. मग बोलू.

म्हणजे आधी दिल्लीने ओक्लाहोमाला कळवायचं
की हा माणूस खरा आहे.
दिल्ली तीन महिने विचारात पडली.

तोवर दर शनिवारी मी धूळ पुसली,
आधी ओलं फडकं, मग कोरडं.
टायर एका जागी बसू नयेत म्हणून
विमान वीतभर पुढे ढकललं, पुढच्या आठवड्यात वीतभर मागे.
तेवढाच प्रवास.
पगार घेऊन उडवायचं नाही, असंही नियमात आहे.
डॉक्टरांनी माझी दाढ फुकट भरली,
हे रोवेनाला सांगू नका.

कार्ड मार्चमध्ये आलं.
खाली बारीक अक्षरांत:
भारतीय लायसन सोबत असेल तरच ग्राह्य.

रात्रपाळी करून सुनीती आली,
दारातच नर्सचे पांढरे बूट काढत होती.
वाचून दाखवलं.
'तुझ्या व्हिसावर वेगळं काय आहे?' म्हणाली,
'माझी नोकरी सोबत असेल तरच ग्राह्य.'
आणि कुकर लावायला गेली.
मी कांदा चिरायला घेतला.

पुढच्या शनिवारी, सहा दहाला,
उजवीकडे डॉक्टर, मांडीवर कागदांची पिशवी:
नोंदणी, विमा, इथल्या खात्याचा शिक्का,
एक लायसन, आणि त्याच्या आधाराने उभं दुसरं.
वजनाच्या हिशेबात मी ती दोन किलो धरली.

टॉवरने नाव विचारलं.
'एन'ला रेडिओवर नोव्हेंबर म्हणतात.
ऐन मार्चमध्ये मी नोव्हेंबर म्हणालो,
आवाज धुळ्याचाच निघाला.
टॉवरने पुन्हा विचारलं.
पुन्हा म्हणालो.

'पिशवी मागे ठेवू का?' डॉक्टरांनी विचारलं.
नको, म्हटलं. धरून बसा.