चाळीस, तीस, वीस

कुताइसीला उतरले तेव्हा अंगावर तीन स्वेटर होते,
कोटाच्या खिशात चार्जर, मोजे, साबणाची अर्धी वडी.
पिशवी चाळीस बाय तीस बाय वीस.
एवढ्यात मावलात तर विमान स्वस्त,
बोटभर फुगलात की तिकिटाहून दंड मोठा.
बाहेर ऑक्टोबरचं लख्ख ऊन.
घामाने निथळत वही काढली,
लिहिलं: वाचले, तीस युरो.

खर्च काय, सगळेच लिहितात.
मी वाचलेलं लिहिते.
वॉर्सात, ग्रंथालयातली ऊब, दोन तास, फुकट.
बुखारेस्टला जाताना रात्रीची गाडी, खोली वाचली.
(अंथरूण पाहून पाय पसरावेत म्हणतात.
अंथरूणच नव्हतं. पाय पोटाशी घेतले.)
पोस्टाच्या खिडकीमागे एकतीस वर्षं
लोकांची अल्पबचत मोजली,
हात आपोआप चालतो.

लामाराने खोली पस्तीस लारी सांगितली.
मी तीस म्हटलं. तिने बोटांनी बत्तीस दाखवले.
मी पिशवी उचलून दोन पावलं मागे सरले,
आपल्याकडची जुनी युक्ती, कुठल्याही भाषेत चालते.
तीस.
सकाळी तिने होडीच्या आकाराचा गरम पाव पुढे ठेवला,
त्याचे पैसे सांगितलेच नाहीत.
वाचले: दीड लारी, असं लिहिलं खरं,
अक्षर जरा बारीक आलं.

तिसऱ्या रात्री ती माझ्या दारात उभी.
हातात फोन, फोनमध्ये मुलगी, इर्मा,
बारीला एका म्हाताऱ्याची देखभाल करते.
सहा वर्षं.
लामाराने माझ्या पिशवीकडे बोट दाखवलं,
मग आकाशाकडे, मग अंगठा तर्जनीवर घासला.
किती?
बाजारातल्या एजंटने तिला सातशे सांगितले होते.
चहाच्या डब्यात, तांदळाखाली, चारशे दहा होते.
मला दिसले, कारण तिने डबा माझ्यासमोर पालथा केला.

शोधायला बसले.
शनिवार नको, सकाळ नको, सणाचा आठवडा नको.
नोव्हेंबरातला मंगळवार, पहाटे, कोणालाच नको असलेली वेळ:
एकशे सहा.
तिने आकडा तीनदा वाचून घेतला
आणि नातवंडाला ओरडावं तसं फोनला काहीतरी ओरडली.

मग टेबलावर सामान आलं.
अक्रोड, उन्हात सुकवलेली परसिमनं,
द्राक्षांच्या रसात बुडवलेल्या माळा,
आणि आंबट आलुबुखारांच्या त्केमालीची बरणी. तीन लिटर.
मी मान हलवली.
पातळ पदार्थ शंभर मिली, एका बाटलीत, तेवढाच.
ती मटकन खुर्चीत बसली.
एवढी स्वस्ताई घेऊन ही बाई माझ्या मुलीकडे
रिकाम्या हाताने पाठवते मला, असं तोंडावर लिहिलेलं.

शेजारच्या ओतियाचं औषधाचं दुकान.
तो रात्री साडेदहाला चपला फटकारत आला,
सोबत खोकल्याच्या औषधाच्या रिकाम्या बाटल्या.
उकळल्या, पालथ्या घातल्या, नरसाळं लावलं.
मी धरलं, तिने ओतलं,
ओतिया उगीच उजेड धरून उभा.
दहा बाटल्या. नियमात बरोबर एक लिटर.
लेबलं निघेनात, तशीच ठेवली.
विमानतळावर विचारलं तर?
ती म्हणाली, सांगेन, औषधच आहे.

अक्रोड कोटाच्या अस्तरात शिवले.
माझे दोन स्वेटर तिला दिले,
घालायचे कसे तेही दाखवलं: बारीक आत, जाड वर.
आरशासमोर ती हात पसरून फिरली,
पोत्यासारखी, आणि हसून हसून तिला ठसका लागला.

बरणीत उरली होती, दोन लिटर तरी.
उकडलेले बटाटे होते, काल रात्रीचे.
आम्ही तिघं उभ्यानेच खात होतो, बोटं चाटत,
आणि ओतिया विचारत होता,
मंगळवारी पहाटे
लामाराला फुकट विमानतळावर सोडणारं
कोणी माहीत आहे का?
त्याच्याकडे गाडी होती.