चेंबर नंबर तीन

बाहेर सावद्यात रात्री अकरालाही अडतीस,
आत साडेसोळा.
दार ओढलं की रबराची कड फस्सकन चिकटते
आणि गाव मागं राहतं.

माझं काम सोपं.
दर दोन तासांनी आकडा बघायचा, वहीत लिहायचा,
खाली सही: वि. ना. झोपे.
हसू नका, आडनाव खरंच झोपे आहे
आणि रात्रपाळी माझ्याच वाट्याला.

नऊशे क्रेट हिरवी केळी.
गॅस उद्या. आज नुसती निजलेली.
मधल्या बोळात एक उलटा क्रेट, त्यावर मी,
मांडीवर पुस्तक.

मुरादनं दिलं. मुराद तडवी, पालचा,
आयटीआयला माझ्या बाकावर बसतो.
जळगावच्या रद्दीवाल्याकडून तीस रुपयांत.
मुखपृष्ठ अर्धं फाटलेलं, त्यामुळे नाव माहीत नाही,
उरलाय एक ग्रह
आणि कोणाचा तरी हातमोजा.

इंग्रजी आहे. डिक्शनरी मोबाईलमध्ये.
जहाज तीनशे वर्षांच्या वाटेवर,
माणसं काचेच्या पेट्यांत गार करून ठेवलेली,
बियाण्याची खोली सांभाळायला जागे दोघंच.
दोघंही एकोणीसचे. दोघंही पोरं.
एकाला व्हॉल्व कळतात, दुसऱ्याला बी.

मी वाट बघत राहिलो.
आता कोणीतरी पकडेल, आता कोणाचा तरी बाप येईल,
आता एक जण मरेल,
कारण असल्या गोष्टीत एक जण मरतोच,
सिनेमात तरी मरतो.
पान नव्वद. पान एकशे बारा.
गळती होते, ती ऑक्सिजनची.
बुरशी लागते, ती बियाण्याला.
भांडण होतं ते शेवटचा डबा कोणी फस्त केला यावरून.
आणि त्या दोघांचं एकमेकांवर असणं
ही अख्ख्या जहाजावरची एकच गोष्ट
जी दुरुस्त करावी असं कोणालाच वाटत नाही.

मी क्रेटवर टाच आपटून हसलो.
एकटा. साडेसोळा अंशांत.

व्हॉल्ववाला हेल्मेट काढून काहीतरी म्हणतो,
इंग्रजीत फार गुळगुळीत आहे ते.
मी आपल्या बोलीत करून पाह्यलं:
मले तुह्यावाचून करमत नही रे.
दोनदा म्हटलं.
पंख्याच्या घरघरीत मुरून गेलं.

आई विचारते, काय वाचू राह्यला एवढं?
रॉकेटचं आहे, म्हणतो.
खोटं नाही.
ती ताटात कळण्याची भाकर टाकते, वर ठेचा,
रॉकेटवाल्याइले खायले काय देता रे?
ट्यूबमधलं.
बाप्पा! बिचारे, म्हणते ती.
त्या बिचाऱ्यांत मी दोघांनाही मोजतो.

मुरादनं पेन्सिलीची रेघ एकाच जागी मारलीय,
पान एकशे अठ्ठ्याऐंशी.
हवा वाचवायला दोघं एकाच पेटीत झोपतात,
गजर दीडशे वर्षांनंतरचा.
रेघ वाकडी, बहुतेक एसटीत मारलेली,
रावेर ते पाल सगळे खड्डे तिच्यात आहेत.
बाजूला काही लिहिलेलं नाही.
मी पान दिव्याखाली तिरकं धरूनही पाहिलं.

आमचे महाजन शेठ सांगतात,
हा गॅस-बिस आत्ताचा.
पूर्वी एक पिकलेलं केळं हिरव्यांच्या मधे ठेवायचं,
वरून गोणपाट.
बाकीची त्याच्याकडून शिकायची.

पहाटे चार. वहीत लिहिलं:
तापमान साडेसोळा. ओल नव्वद. गळती नाही.
शेऱ्याच्या रकान्यात: दोघंही झोपेत.
शेठ विचारतील, दोघं कोण.
सांगेन काहीतरी.

शेवटची चाळीस पानं राहिलीत, मुद्दाम ठेवलीत.
पण पुस्तक आज परत द्यायचंय,
म्हणून त्याच्या रेघेखाली मी माझी एक रेघ मारली,
पट्टी लावून.
मग वाटलं,
पट्टी नको होती.