तिसरी फुंकर

देवगडात, परकारांच्या होड्यांच्या शेडमध्ये
अकरा वर्षं आंब्याच्या रिकाम्या पेट्यांखाली उभी होती.
कुवेतहून कंटेनरमधून आलेली, लाल.
आता दारांच्या कडा
बिस्किटासारख्या हातात येतात.

"पिस्टन खंय?" नंदू तांडेल विचारतो.
जन्म गेला त्याचा ट्रॉलरची इंजिनं खोलण्यात.
नाहीत, म्हटलं. तिकोनी रोटर आहेत दोन,
नुसते फिरतात. जात्यासारखे.
"मगे ते दळतत काय?"
पेट्रोल, म्हटलं. आणि माझा पगार.

एअर फिल्टरात उंदराने घर केलेलं,
भाताच्या तुसासकट.
प्लग काढून भोकांत तेल सोडलं,
पुलीला पाना लावून रोज संध्याकाळी
भरती लागेस्तोवर हाताने फिरवत राहिलो.
नंदू भोकाशी गाल धरायचा:
फुस्. फुस्.
मग काहीच नाही.
तिसऱ्या टोकाचं सील चिकटून बसलेलं.
दोन, म्हणायचा तो. दोनच.

बाविसाव्या दिवशी काही म्हणालाच नाही.
पाना माझ्या हातातून काढून घेतला,
मानेला धरून मला त्याच्या जागी वाकवलं.

पेट्रोलात तेल किती, तेही त्यानेच ठरवलं,
पातीच्या इंजिनाला घालतो तसं, अंदाजाने.
सुरू झाली तेव्हा एवढा धूर, की
शेजारच्या बायका शिव्या घालत
सुकत टाकलेले बांगडे उचलू लागल्या.

घाटापलीकडच्या ट्रॅकवर
एकोणीस गाड्यांत सतरावा आलो.
फोनवर सांगितलं.
"तां ऱ्हवांदे," नंदू म्हणाला,
"तिनय आसत मां अजून?"