मातोरीच्या अलीकडे

तीन रविवार आम्ही जागा बघत फिरलो.

पहिला गेला विल्होळीत, महामार्गाला चिकटून.
ट्रकचे ब्रेक करकचून लागत होते
आणि एजंट ओरडून सांगत होता,
इथे फार शांतता आहे म्हणून.

दुसरा लहवितच्या अंगाला.
विहिरीला पाणी, बांधावर दोन शेवगे, भाव बरा.
दूर तोफांचा सराव चालला की खिडक्या हलतात,
त्याची सवय होते, म्हणे.
आणि उसात बिबट्या आहे हे मालकानं
आम्ही गाडीत बसल्यावर सांगितलं,
काच अर्धी वर गेलेली असताना.

सुलक्षणानं वहीत दोन रकाने पाडले होते.
डावीकडे दवाखाना, किराणा, मोबाइलची रेंज,
शेवटची बस किती वाजता.
उजवा रकाना कोराच.
मी विचारलं तर म्हणाली,
ते तिथं उभं राहिल्यावर कळेल.

तिसऱ्या रविवारी मखमलाबाद मागे टाकलं,
पाटाचं पाणी थोडा वेळ सोबत चाललं, मग वळून गेलं.
प्लॉटवर कैलास ढगे वाट बघत होता,
हातात नकाशा, तोंडात बडीशेप.
"सर, डोळे मिटून घ्या. पाच वर्षांत शहर
स्वतः चालत येईल तुमच्या दारात."

इंदिरानगरहून आम्ही
त्याच शहराला टाळत इथवर आलो होतो.
मी हसलो. मला तेव्हाच कळलं
आपण चार गुंठे घेत नाही आहोत,
पाच वर्षं घेतो आहोत,
तीही कर्जावर.

शेजारच्या बागेतून गिरजाबाई आल्या,
विकणाऱ्या त्याच.
कपाळावरचा घाम पदरानं टिपत
त्यांनी जमिनीबद्दल एक शब्द काढला नाही.
"तुमच्या बिल्डिंगला लिफ्ट आहे का?
बंद पडली तर माणूस किती वेळ अडकतं?"
नातवाला गंगापूर रोडच्या शाळेत घातलंय,
सून म्हणते, रोजची ने-आण होत नाही,
आता तिसऱ्या मजल्यावर राहायचं.
सुलक्षणा त्यांना समजावत होती
तळमजल्याला मच्छर, वरच्याला ऊन, मधला बरा.
त्या सुलक्षणाला सांगत होत्या
पहाटे फवारणीचा ब्लोअर सुरू झाला की खिडकी लावा,
धुणं आत घ्या.
दोघी एकमेकींना आपापलं घर शिकवत होत्या
आणि कैलास नकाशाची घडी घालत, पुन्हा उलगडत.

मग वरून ओझरचं विमान गेलं.
आधी विमान गेलं, आवाज नंतर आला,
आणि आवाजानंतर जे उरलं
ते सुलक्षणानं उभ्या उभ्या वहीत लिहिलं.
मला दाखवलं नाही. अजून दाखवलेलं नाही.

आता आठ महिने झाले.
दवाखाना अकरा किलोमीटर. दूध दारात, वर्तमानपत्र दुपारी.
ऑक्टोबरात छाटणी झाली तेव्हा
आजूबाजूच्या बागा इतक्या उघड्या पडल्या
की मला उगीचच पडदे लावावेसे वाटले.
कुरिअरवाला अजून विचारतो,
"साहेब, हे नाशिकच धरायचं ना?"
मी कधी हो म्हणतो,
कधी पुढच्या वळणावर या म्हणतो.

रात्री गच्चीवर गेलं
की दक्षिणेला आकाश पिवळट दिसतं,
कुणी तिथं मोठी चूल विझवायची विसरल्यासारखं.
उत्तरेला रामशेज, काळा.
मधे आम्ही, आणि एक खांब.

नऊच्या सुमाराला फोन येतो गिरजाबाईंचा,
तिसऱ्या मजल्यावरून.
झोप लागत नाही म्हणतात, खाली गाड्या.
मग हळूच विचारतात,
"तिकडं लाइट आहे का?"
नाही, म्हणतो मी. तासभर झाला गेलीय.
त्या थोडा वेळ काही बोलत नाहीत.
"तसाच ठेवा फोन," म्हणतात,
"बाहेर न्या जरा."

मी फोन हातात धरून
अंधारात उभा राहतो.