खुणेचं पान

सातपूरच्या वाचनालयात तो पंख्यापाशी बसायचा.
बिसराम कुमरे, गडचिरोलीकडचा.
वर्गणीच्या वहीत पत्त्यापुढे आधी कंपनीचं नाव,
मग ते खोडून 'अंबड लिंक रोड, खोली'.
नंबर नाही.

तिसरी पाळी बंद झाली त्या महिन्यात
त्यानं एक जाड कादंबरी नेली.
मंदीतलं कुठलंसं गाव, तिथला एक उपरा,
ज्याला कुणी नावानं हाक मारत नाही.
"फार बोलतो हो हा," दोन दिवसांनी म्हणाला,
"खरंच एकटा असता तर
एवढे शब्द कुठून आणले असते?"
मी हसले. मग दिवसभर नाही हसले.

पुस्तक परत आलं खोलीमालकाच्या पोराच्या हातून.
दंड सात रुपये. मीच भरला.
एकशे बाराव्या पानात गेटपास:
फोटोत कॉलर नीट करून बसलेला,
मुदत मार्चमध्येच संपलेली.
पुढची पानं अजून कडेला चिकटलेली,
कुणी उलटलीच नाहीत.

काल एका मुलीनं तेच पुस्तक मागितलं.
बाहेर गेलंय, म्हटलं.
ते माझ्या खणात आहे.

कुलूप लावताना मागे वळून
रिकाम्या खुर्चीला एकदा म्हणून पाहिलं,
कुमरे.
पंखा बंद करायचा राहिला होता.