एक मिनिट एक्केचाळीस

तबकडीवर लिहिलंय: किनाऱ्याची धून. वाद्यवृंद.
त्याखाली बारीक अक्षरांत: पारंपरिक.
परंपरा म्हणजे रुजार डिसोजा, वय बावीस,
वेंगुर्ल्याच्या बंदरावर आगबोटीतले पेटारे उतरवायचा.

गिटार सावंतवाडीच्या चिताऱ्याने घडवलेली,
लाकडी केळ्यांना देतात तोच पिवळा लाखेचा रंग.
आतलं चुंबक पोस्टातल्या मोडक्या टेलिफोनचं.
पहिल्या दिवशी वाटलं,
तार छेडली की कुडाळ एक्स्चेंजची बाई बोलेल.

धून कुठून आली याच्या चार गोष्टी आहेत.
रुजारची आई म्हणे, माझ्या शिवणयंत्रातून.
ड्रमवाला येसो कुबल शपथेवर सांगायचा, रापणीच्या दोरातून:
चाळीस माणसं वाकतात, मागे सरतात,
वाकतात, मागे सरतात,
आणि मध्येच एक ढिला क्षण,
दर्या दोर परत ओढून घेतो तो.
तो क्षण खरंच आहे तिच्यात.
उरलेल्या दोन गोष्टी दारूच्या, त्या सोडून देऊ.

मुंबईहून कंपनीचा माणूस आला, सोराब नावाचा,
बोटीत सहा वेळा ओकून हिरवा पडलेला,
पण टेपचं यंत्र मांडीवरून खाली न ठेवलेला.
म्हणाला, घुमणारी जागा हवी.
इगर्जीत पाद्री नको म्हणाले. शाळेत परीक्षा.
उरला बर्फाचा कारखाना.
त्या वर्षी बांगडा फिरकलाच नव्हता,
टाक्या कोरड्या, भुशाला जुन्या माशांचा वास.

रिकाम्या टाकीत स्पीकर उतरवला,
दुसऱ्या तोंडाशी माईक.
रुजारने एक सूर सोडला.
तो खाली गेला, भिंतींना आपटला,
ओला होऊन वर आला.
सोराब वेंगुर्ल्यात पहिल्यांदा हसला.

मी नऊ वर्षांची. वॉचमनची मुलगी.
बाबांचा डबा द्यायला आलेली, तशीच जिन्यावर राहिले,
श्वास धरून.
कोपराशी बर्फ ओढायचा आकडा टांगलेला होता.

ठण्ण.

येसोने माझ्याकडे बघितलं. हात थांबला नाही.
संपल्यावर सोराब म्हणाला, परत घेऊ.
पण जनरेटरला डिझेल उरलं नव्हतं,
आणि रुजार तारा पुसत म्हणाला,
"रवांदे. दर्यातय मधीच खडक लागता."

ऐंशी रुपये, तिघांत. सही, सही, अंगठा.

पुढचं तुम्हाला ठाऊक आहे.
हॉटेलातले रेडिओ, जत्रेतले पाळणे,
मौतच्या विहिरीत मोटारसायकल फिरायची ती हिच्यावरच.
दशावतारात एका वर्षी राक्षस हिच्यावर शिरला
आणि म्हाताऱ्यांनी वाहिलेले नारळ परत मागितले.
बेंजो पार्ट्यांनी तिला वरातींतून नाचवत नेलं,
आणि देवगडपासून रेडीपर्यंत प्रत्येक जण
बरोबर त्या जागी एक ठण्ण देतो.
कुणी घंटा मारतं, कुणी ताटली.
कणकवलीच्या एका पोराने खास लोखंडी पट्टी करून घेतलीय.
मी विचारलं, ही कशाला रे?
म्हणाला, मूळ धुनेत आहे काकी, सोडून कसं चालेल?
मी काही बोलले नाही.
साठ वर्षं बोललेले नाही.

रुजार जहाजावर गेला, भांडी घासायला.
मोंबासाहून येसोला एक पत्र:
इथल्या न्हाव्याकडे वाजते. खडकासकट.
मग पत्र नाही.

काल नातवाच्या फोनवर लागली,
कुणीतरी धुऊन पुसून नवी केलेली.
खरखर गेली, जनरेटरची घरघर गेली,
टाकीसुद्धा जरा उथळ झाल्यासारखी.
मी चहा हातात धरून थांबले.
एक मिनिट चाळीस.
दर्या ओढतो तो ढिला क्षण आला,

आणि काहीच पडलं नाही.

नातवाला म्हटलं, मागे घे, परत लाव.
सांडशी हाताशीच होती.